सांगितलं तेवढंच

शाळेतल्या मुलाचा दिवस आज्ञा ऐकण्यात जातो. रांगेत उभे राहा, वह्या काढा, तोंडावर बोट, फळ्याकडे बघ, मागे बघू नकोस. घरी गेलं की त्यात आईच्या आणि आजीच्या आज्ञांची भर. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला स्वतः कुणाला आज्ञा द्यायची संधी मिळतेच कुठे? मिळालीच तर धाकट्या भावाला, आणि तो ऐकत नाही. आमच्या रोबोच्या तासाला मात्र ही रीत उलटी होते. सांगितलेलं सगळं, निमूटपणे, उलट उत्तर न देता ऐकणारं कुणीतरी मुलाच्या हाती पहिल्यांदाच लागतं. मग जी त्रेधा उडते, ती मला अभ्यासक्रमातल्या कुठल्याही धड्यापेक्षा जास्त शिकवणारी वाटत आली आहे.

तालुक्याच्या गावी मी विज्ञान शिकवते. शनिवारची सकाळची शाळा सुटली की सहावी-सातवीतली हौशी मुलं मागे थांबतात. 'बाई, आज तरी रोबो देणार ना?' हा प्रश्न पहिले काही शनिवार ठरलेला असतो आणि माझं 'नाही' हे उत्तरही. रोबो कपाटात राहतो. आधी खेळ होतात, आणि तेही त्यांना आधीपासून येणारे.

'शिवाजी म्हणतो' हा खेळ मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही सांगावा लागत नाही. 'शिवाजी म्हणतो, खाली बसा' असं म्हटलं तर बसायचं. नुसतं 'खाली बसा' म्हटलं आणि बसलात तर बाद. यात एक जर आहे आणि एक तर आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं अर्धं आयुष्य या दोन शब्दांत जातं, आणि मुलं ते पहिलीपासून खेळत आलेली असतात. 'विषामृत' त्याच्या पुढचं. त्यात खेळाडूच्या दोनच अवस्था: पळणारा आणि थिजलेला. विष मिळालं की पळणारा थिजतो, अमृत मिळालं की थिजलेला पळतो. थिजलेल्याला पुन्हा विष दिलं तर? काहीच होत नाही, तो थिजलेलाच. पळणाऱ्याला अमृत दिलं तर तो पळतच राहतो. हे चारही प्रसंग फळ्यावर गोल आणि बाण काढून मांडले की इंजिनिअर ज्याला 'स्टेट मशीन' म्हणतात ते तयार होतं. लिफ्ट आणि चौकातला सिग्नल याच रीतीनं चालतात. मुलांना यात नवं काही वाटत नाही. मैदानावर पळता पळता आपण नियमांचं एक यंत्र चालवत होतो एवढंच त्यांना कळतं, आणि सुरुवातीला तेवढं पुरतं.

खरी गंमत माणसाचा रोबो करण्यात आहे. आमच्या वर्गाची जमीन शहाबादी फरशीची, त्यामुळे चौकटी आखाव्या लागत नाहीत. एक मूल रोबो होतं. त्याला येणाऱ्या आज्ञा पाचच: एक फरशी पुढे, डावीकडे वळ, उजवीकडे वळ, उचल, ठेव. बाकी त्याला काही कळत नाही, काही ठाऊक नाही. खोलीच्या एका कोपऱ्यात खडूची पेटी ठेवलेली असते आणि ती टेबलावर आणवायची असते.

पहिली आज्ञा हमखास 'पेटी आण' ही. रोबो उभा. मग 'पुढे जा'. रोबो अजून उभाच. किती फरशा ते कुणी सांगितलंय? मग 'अरे थोडं पुढे!' थोडं म्हणजे काय, हे रोबोला ठाऊक नाही. 'तिकडे', 'त्या बाजूला', 'असं नाही, तसं' ही सगळी रोजची मराठी इथं निकामी ठरते. बोट दाखवणारे हात हळूहळू खाली येतात आणि वर्गात मोजणी सुरू होते. मग 'उजवीकडे'चा घोळ. रोबो झालेली मुलगी वर्गाकडे तोंड करून उभी असेल तर तिचा उजवा हात बाकावरच्यांच्या डावीकडे येतो. आज्ञा देणाऱ्यांत भांडण लागतं. शेवटी एखादा मुलगा बाकावरून उठतो, तिच्या शेजारी, तिच्यासारखंच तोंड करून उभा राहतो, स्वतः वळून बघतो आणि मग आज्ञा देतो. त्या क्षणी तो दुसऱ्याच्या जागी उभा राहिलेला असतो.

सेमूर पेपर्ट या माणसानं आपला सगळा विचार या उठून उभं राहण्यावर उभारला. जन्म दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाचा, १९२८ चा, पेशानं गणिती. जिनिव्हात ज्याँ पियाजे यांच्याजवळ काही वर्षं राहून मुलं विचार कसा करतात ते त्यांनी पाहिलं आणि मग ते अमेरिकेत एमआयटीत गेले. १९६७ साली त्यांनी वॉलेस फ्युर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांच्याबरोबर मुलांसाठी 'लोगो' ही प्रोग्रामिंगची भाषा तयार केली. सुरुवातीच्या लोगोत मुलं शब्द आणि वाक्यं जुळवत, छोटे खेळ लिहीत. कासव थोडं नंतर आलं. घुमटासारखं पारदर्शक झाकण, खाली चाकं, पोटात पेन आणि मागे संगणकाला जोडलेली लांब वायर. 'पुढे शंभर, उजवीकडे नव्वद' असं चार वेळा सांगितलं की जमिनीवरच्या कागदावर चौकोन उमटे. मुलाला वर्तुळ काढता येईना तर पेपर्ट उत्तर देत नसत. स्वतः कासव हो, असं सांगत. वर्तुळात चाललेलं मूल थोडं पुढे जातं, थोडं वळतं, पुन्हा थोडं पुढे, पुन्हा थोडं वळतं. हीच त्याची आज्ञा. भूमितीतलं 'केंद्रापासून समान अंतरावरील बिंदूंचा संच' हे वर्तुळ मात्र पायांना कधीच कळत नाही.

या कासवाचे पूर्वज इंग्लंडातल्या ब्रिस्टलचे. ग्रे वॉल्टर या मेंदूच्या अभ्यासकानं १९४८-४९ च्या सुमारास एल्मर आणि एल्सी ही यांत्रिक कासवं बनवली होती. प्रत्येकात जेमतेम दोन इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह, एक डोळा प्रकाशासाठी आणि कवचाला धक्का लागला की कळण्याची सोय. ती उजेडाकडे जात, फार उजेड झाला की वळत, अडथळा लागला की बाजूनं वाट काढत. त्यांना कुणी आज्ञा देत नसे. वॉल्टरना दोनच पेशींपुरत्या मेंदूतून जिवंत वागणुकीसारखं काय निघतं ते पाहायचं होतं. पेपर्टनी कासवाचं नाव ठेवलं आणि स्वातंत्र्य काढून घेतलं. मला ही अदलाबदल महत्त्वाची वाटते. वॉल्टरच्या कासवाकडे मूल कौतुकानं बघत बसलं असतं. पेपर्टचं कासव स्वतःहून काहीच करत नाही, म्हणून मुलाला करावं लागतं.

त्याच एमआयटीत, १९७० च्या दशकाच्या मध्यावर, रेडिया पर्लमन नावाची तरुणी एक पाऊल आणखी मागे गेली. ज्यांना अजून वाचताही येत नाही अशा तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी तिनं आज्ञांची प्लास्टिकची कार्डं केली. ती खाचांमध्ये ओळीनं लावायची आणि बटण दाबायचं. कासव एकेक आज्ञा पाळत जाई आणि ज्या कार्डाची पाळी चालू असेल तिथं दिवा लागे. आज्ञा हातात धरता येते आणि चुकलेलं कार्ड उपसून बाजूला ठेवता येतं, ही कल्पना आजच्या मुलांच्या खेळण्यांतून अजून चालते आहे. बालवाड्यांत दिसणारी बटणांची पिवळी मधमाशी एका आज्ञेला नेमकी १५ सेंटिमीटर सरकते, ती याच वंशातली. पर्लमनबाईंनी पुढे संगणकांच्या जाळ्यात माहितीनं गोल गोल फिरत अडकू नये म्हणून १९८५ मध्ये जी पद्धत शोधली, तिचा उपयोग जगभरच्या नेटवर्कांनी केला. कार्डांचा तो खेळ मी पुठ्ठ्यावर केला आहे. दिवा नाही, म्हणून एक मूल कार्डावर बोट ठेवत पुढे सरकतं. नेमकं कुठे बिनसलं ते त्या बोटापाशी सापडतं.

आणखी एक खेळ कॅरेलचा. स्टॅनफर्डच्या रिचर्ड पॅटिस यांनी १९८१ मध्ये नवशिक्यांसाठी पडद्यावरच्या चौकटींच्या रस्त्यांत फिरणारा एक रोबो रचला आणि त्याला कॅरेल चापेक या चेक लेखकाचं नाव दिलं. यंत्रमानवाला रोबो म्हणायची चाल चापेकच्याच नाटकानं पाडली. पॅटिसच्या कॅरेलमध्ये मुद्दाम ठेवलेलं एक वैगुण्य आहे. त्याला उजवीकडे वळता येत नाही, फक्त डावीकडे येतं. आमच्या फरशीवरही मी एका शनिवारी 'उजवीकडे' ही आज्ञा काढून घेते. आधी कल्लोळ होतो: 'बाई, असं कसं चालेल?' मग कुणीतरी भिंतीकडे तोंड करून स्वतःभोवती फिरतं आणि ओरडतं, 'तीनदा डावीकडे!' शोध लागतो, पण लिहून लिहून हात दुखतात. तेव्हा मी त्यांना एक सवलत देते: तीन आज्ञांना मिळून एक नाव ठेवा आणि इथून पुढे नुसतं नाव लिहा. नावांवरून बराच वाद होतो. एका वर्षी 'मोठा वळसा' ठरलं, एका वर्षी नुसतंच 'गिरकी'. त्यानंतर त्यांना नावं ठेवायचा नादच लागतो. 'बाकाला वळसा' म्हणजे सात आज्ञा, 'पेटी आण' म्हणजे त्या वळशासकट पंधरा-सोळा. आणि एका शनिवारी 'पेटी आण' म्हटल्यावर रोबो खरोखर पेटी आणतो. पहिल्या दिवशी हीच आज्ञा वाया गेली होती. आता तिच्या पोटात काय काय आहे ते वर्गातल्या प्रत्येकाला माहीत असतं.

मग कपाट उघडतं. आमचा रोबो दिसायला ओबडधोबड: पारदर्शक ॲक्रिलिकची पट्टी, पिवळ्या गिअरच्या दोन मोटरी, मागे एक भिरभिरं चाक, मधे प्रोग्राम साठवणारा आर्डुइनोचा निळा बोर्ड, खाली सेल. फरशीवर चोख निघालेला प्रोग्राम मुलं मोठ्या विश्वासानं त्यात भरतात आणि रोबो सरळ जायचं सोडून हळूहळू डावीकडे कलतो. आज्ञा बरोबर आहे, पण अंगाला ती पेलत नाही. एकाच दुकानातून, एकाच पुडीतून आणलेल्या दोन मोटरीसुद्धा एकाच वेगानं फिरत नाहीत. काटकोनात वळण्यासाठी चाकं किती मिलिसेकंद उलटसुलट फिरवायची ते मुलं खटपटीनं शोधतात. सेल उतरले की तेवढ्याच वेळात वळण अपुरं राहतं. काळ्या टेपवरून चालणारा रोबो सकाळी पूर्वेच्या खिडकीजवळ आला की भरकटतो, कारण त्याचे डोळे इन्फ्रारेडचे आणि उन्हातही इन्फ्रारेड भरपूर. खाली काळी टेप आहे की नुसती फरशी हे तो परत आलेल्या प्रकाशावरून ठरवतो, आणि ऊन त्याची गल्लत करतं. अडथळा ओळखणारा सेन्सर ४० किलोहर्ट्झचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो. भिंत त्याला बरोबर दिसते, पण तिरकी धरलेली वही दिसत नाही, कारण आवाज तिच्यावरून भलतीकडे परततो. लोकरीचा स्वेटरही नीट दिसत नाही, कारण आवाज त्यात जिरतो. हा शोध एका मुलीनं आपला स्वेटर रोबोपुढे टाकून लावला. मग आठवडाभर वर्गात त्याला काय दिसत नाही याच्याच याद्या चालल्या होत्या.

पडद्यावरचं कासव असला त्रास देत नाही. तिथं शंभर म्हणजे शंभर. म्हणून घाईतल्या शिक्षकाला पडदा सोयीचा वाटतो, आणि तो वाईटही नाही. आयआयटी मुंबईचे प्रा. अभिराम रानडे यांच्या प्रोग्रामिंगच्या पुस्तकात पहिला प्रोग्राम पडद्यावरच्या कासवाकडून चौकोन काढवण्याचाच आहे. म्हणजे आमची सातवी आणि तिथलं पहिलं वर्ष यांची सुरुवात एकाच पायरीवर होते. पण आज्ञा आणि अंमल यांच्या मध्ये उतरलेले सेल असतात, ऊन असतं, घसरडी फरशी असते, हे जमिनीवरच समजतं. गावात कालव्याच्या पाण्याची पाळी कागदावर ठरते आणि शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचत नाही, हे या मुलांना घरून माहीत असतं. ते आणि हे एकच आहे असं मी त्यांना सांगितलेलं नाही. त्यांच्यातलाच एकजण बोलून गेला.

या सगळ्यात वर्गाची भाषा बदलते. माणसाचा रोबो चुकला की सुरुवातीला मुलं त्याच्यावर ओरडतात: 'बहिरा आहेस काय रे?' यंत्रावर ओरडून उपयोग होत नाही. एक-दोघं तेही करून बघतात. मग हळूहळू 'तो चुकला' हे वाक्य ऐकू येईनासं होतं आणि 'आपण तिसऱ्या ओळीत काय लिहिलंय बघ' हे येऊ लागतं. पाळणारा इतका निर्दोष असला की सांगणाऱ्याला पळवाट राहत नाही. शाळेत समजण्याची जबाबदारी सहसा एकाच दिशेनं वाहते. समजलं नाही तर ऐकणाऱ्याचं लक्ष नव्हतं, असं आपण धरून चालतो. रोबोच्या तासाला मुलं ती उलट वाहताना बघतात, आणि मुलं चाणाक्ष असतात. प्रयोगवहीची कृती वाचून एकानं मला विचारलं, 'बाई, यात उजवीकडे कुणाच्या, ते लिहिलेलं नाही.'

यावर एक शंका नेहमी घेतली जाते आणि ती रास्त आहे: यंत्राच्या चालीनं विचार करायला शिकवून आपण मुलांना यंत्रच करत नाही ना? पेपर्टनी १९८० च्या 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकात हिचं उत्तर दिलं. यंत्रासारखा विचार म्हणजे काय ते मुद्दाम, जाणून करून बघितलं, तर तो कुठे चालतो आणि कुठे चालत नाही ते कळतं, असं त्यांचं म्हणणं. मला हे पुस्तकापेक्षा रोबो झालेल्या मुलांकडून जास्त पटलं. आमच्याकडचा एक अबोल मुलगा उत्तम रोबो होत असे. चेहरा कोरा, पाय फरशीच्या रेघेवर, आज्ञेबाहेर बोटभरही हालचाल नाही. त्याला विचारलं, सोपं जातं का रे? तो म्हणाला, 'नाय बाई. कळतंय, तरी कळलं नाय असं करायचं, ते लय अवघड हाय.'

मला या खेळाचं सार तिथं सापडलं. रोबो होणारं मूल प्रथमच आपलं समजणं बाजूला ठेवून बघतं, आणि ते किती मोठं आहे ते त्याला जाणवतं. स्वयंपाकघरातून आजी म्हणते, 'ते जरा बघ गं', आणि सून उठून गॅस बारीक करते. 'ते' म्हणजे दूध, 'जरा' म्हणजे आत्ता, 'बघ' म्हणजे उतू जाऊ देऊ नकोस. यातला एकही शब्द रोबोला पुरला नसता. आपण दिवसभर अर्धवट बोलतो आणि उरलेलं ऐकणारा भरून काढतो. हे भरून काढणं कुणी मोजत नाही, त्याला गुण नाहीत. बहुतेक घरांत ते काम बायका करतात, कचेऱ्यांत शिपाई करतात, आणि चुकलं तर बोलणी त्यांनाच बसतात. यंत्राशी काटेकोर बोलायची सवय झालेली मुलं माणसाशीही काटेकोरच बोलतील असं मला वाटत नाही, आणि वाटू नये. पण माणूस आपल्यासाठी किती भरून काढतो हे एकदा मोजून झालं की त्याला 'बहिरा आहेस काय' म्हणताना जीभ अडखळावी, एवढी अपेक्षा मी ठेवते.

शाळांत आता साधनं येत आहेत. केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब २०१६ पासून सुरू झाल्या. निवडलेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं माध्यमिक टप्प्याआधीच, सहावी ते आठवीत कोडिंगचा उल्लेख केला. हे चांगलंच आहे. मात्र खोकं आलं की स्पर्धा येते, स्पर्धा आली की चषक येतो आणि चषकासाठी रोबो शिक्षकच बांधून देऊ लागतो. मुलांनी आज्ञा द्यायच्या म्हणून सुरू झालेल्या तासात मुलं पुन्हा आज्ञा पाळू लागतात. फरशी, खडू आणि काळी टेप यांना स्पर्धेची बाधा होत नाही, हा त्यांचा मोठा गुण.

अलीकडे मुलांनी मला एका वेगळ्याच प्रश्नात गाठलं. फोनमधल्या बोलक्या एआयला अर्धवट वाक्य सांगितलं तरी तो समजून घेतो. मग फरशा मोजायच्या कशाला? प्रश्नाचं उत्तर देण्याऐवजी आम्ही खेळाचा नियम बदलला. रोबोला आता अंदाज करायची मुभा. 'पेटी आण' म्हटलं की त्यानं स्वतःच ठरवायचं. कामं भराभर झाली, वर्ग खूष. मग पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला न्यायचा होता. रोबो झालेल्या मुलीनं जवळची वाट धरली, बाकांमधून गेली आणि पाणी सांडलं. भांडण जुंपलं. 'तिकडून जा असं कोण म्हणालं?' 'तिकडून जाऊ नकोस असं कोण म्हणालं?' प्रोग्राम वाचून चूक शोधावी, तर प्रोग्राम नव्हताच. बोट ठेवायला कार्डच नव्हतं.

बराच वेळ वाद घालून मुलांनी आपले नियम केले. खडूची पेटी असेल तर रोबोनं खुशाल अंदाज करावा. पेला असेल तर निघण्याआधी आपण कुठून जाणार ते मोठ्यानं सांगावं. आणि 'तू कुठून जाणार?' हे विचारायचं काम आज्ञा देणाऱ्याचं. विसरला तर सांडलेलं पाणी त्यानंच पुसायचं. शेवटचा नियम सातवीतल्या मुलींनी घातला आणि मुलांनी कुरकुरत मान्य केला. ज्यांनी महिना-दीड महिना अंदाज न करणाऱ्या यंत्राशी झटापट केलेली नाही, त्यांना हा नियम सुचला असता असं मला वाटत नाही.